सुनेचं नाक

आमची सून दोन वर्षं भांड्यांच्या बेसिनमध्ये थुंकत होती. रोज सकाळी अकराला. तेव्हा म्हणे जीभ ताजी असते. सहा पेले, सहा बाटल्या, आणि नाव दिसू नये म्हणून बाटल्यांना माझ्या मुलाचे जुने पायमोजे. घोट घ्यायचा, चूळ भरल्यासारखा गालात खळखळवायचा, थुंकायचा, वहीत लिहायचं.

"अगं, प्यायची नाही तर आणतेस कशाला?"

"आई, मला ती प्यायची नाहीये, ओळखायचीये."

वाइन पारखणाऱ्या पंचांची परीक्षा द्यायची होती तिला. दोनदा आपटली होती. तिसऱ्यांदा आपटली की पुन्हा बसता येत नाही. म्हणून घरात अत्तर बंद, तळण बंद, माझ्या केसांचं वासाचं तेलसुद्धा बंद. नाकानं कांदे सोलणारी बाई म्हणतात ती हीच. एवढी सत्ता माझ्या सासूनंही गाजवली नव्हती.

एके सकाळी पेला तोंडाशी नेऊन ती थबकली. दुसरा हुंगला, तिसरा हुंगला.

"सगळ्यांना कुबट वास येतोय."

"नासली असेल तुझी दारू."

"सहाच्या सहा बाटल्या? नाही आई. वाइन चांगलीये. वास पेल्यांना आहे."

पेले मी पुसले होते. चाळीस वर्षांत माझ्या भांड्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. मी कंबरेवर हात ठेवले तसा माझा मुलगा वर्तमानपत्रात आणखी आत शिरला. ती मात्र वाद घालेना. एक रिकामा पेला माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. डोळे मिटा आणि हा वास घरात कुठे असतो ते आठवा."

तिला खोटं पाडायचं म्हणूनच मी हुंगलं. काही नाही. पुन्हा हुंगलं. आणि आला की मेला! अर्धवट वाळलेलं फडकं, घडी घालून कपाटात कोंबलेलं. कोंबलं होतं मीच.

तेव्हापासून पेले मी वाऱ्यावर वाळवू लागले आणि तिच्याकडे नीट बघू लागले. सुताराच्या दारात थांबून भुसा हुंगायची. चामड्याचा पट्टा, ओली पाटी, तासलेली पेन्सिल, काही सोडायची नाही. आधी दोनदा नापास का झाली, तर कुठल्या वाइनला कुठल्या फळाचा वास, हे पुस्तकातून पाठ करून लिहीत होती. तिच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "जे फळ तू खाल्लं नाहीस, ते तुझ्या नाकाला कसं ठाऊक?" मी चौथी शिकलेली, पण हे मला पटलं. उसन्या शब्दानं कुणाचं पोट भरत नाही.

परीक्षेला बारा पेले होते. नववा कुबट. पुस्तकाप्रमाणे उत्तर सोपं होतं: बूच खराब, म्हणून वाइन खराब. आजूबाजूच्या सगळ्यांनी तेच लिहिलं. हिनंही पेन टेकवलं, आणि उचललं. हात वर केला.

"मला हीच वाइन दुसऱ्या पेल्यात द्या."

लोक हसले. पिकल्या मिशांचे मुख्य पंच जवळ आले. "का हो? बुचाचा दोष नाही वाटत?"

"नाही. हा आमच्या घरच्या फडक्याचा वास आहे."

नववे पेले ज्या ट्रेमधून आले होते त्यातला एक रिकामा पेला त्यांनी हुंगला. मग तीच वाइन बाटलीतून स्वच्छ पेल्यात ओतून हुंगली. कुबट वास नव्हता. नंतर सगळ्यांचे नववे पेले बदलायला सांगितले.

निकाल हातात घेऊन ती घरी आली आणि पायातले बूट न काढताच हे सगळं सांगत सुटली. पास! "आई, तुमच्या फडक्यानं वाचवलं मला."

"म्हणजे भर सभेत माझ्या फडक्याची अब्रू घालवलीस!"

मुलानं वर्तमानपत्र शोधायला सुरुवात केली. मी उठले, तिच्यासमोर उभी राहिले.

"ऐक सूनबाई. या घराचं नाक मीच, असं चाळीस वर्षं समजत होते. ते तू आहेस. पण पंच झालीस म्हणून बेसिन मी घासणार नाही."