व इतर

तुळसाबाईनं वांग्यांची टोपली ओसरीवर टेकवली, तेव्हा नगरपालिकेचा कारकून तिच्याच खोलीची रुंदी फितीनं मोजत होता आणि तिचा दीर जगदेव फितीचं दुसरं टोक धरून उभा होता. दिराचा चेहरा इतका गोड झालेला तिनं लग्नसराईतही पाहिला नव्हता.

“इथं कोण राहतं?” कारकुनानं विचारलं.

“वयनीचा भाऊ,” जगदेव म्हणाला.

“पेटीवर तर किसनसिंग लिहिलंय. माळ्याच्या लेकीचा भाऊ रजपूत कसा?”

“राखीचा भाऊ, साहेब. सख्ख्याहून जास्त.”

कारकून हसला नाही. त्यानं नियम सांगितला. खोली घरच्यांच्या वापरात असेल तर घरपट्टी आहे तेवढीच. भाड्यानं दिली असेल तर वर्षाच्या भाड्यावर ती वाढणार, आणि घर सामाईक असलं तर सगळ्या मालकांवर बसणार.

किसनसिंग कापसाच्या बाजारात तोलाई करायचा. गेली दोन वर्षं, म्हणजे एकोणीसशे छत्तीस सालापासून, तो दर महिन्याला भाडं तुळसाबाईच्या हातावर ठेवी आणि ती त्यातलं अर्धं त्याच दिवशी जगदेवला नेऊन देई. घर दोघा भावांचं. थोरला चंपत, म्हणजे तिचा नवरा, वारला. चुली वेगळ्या झाल्या, घर सामाईक राहिलं. ही खोली मात्र तिनं भाजी विकून उभी केली होती, विटा स्वतः डोक्यावर वाहून. तरी कारंजा गावच्या बाजारात सगळे तिला ‘जगदेवच्या घरची’ म्हणत. ते ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड होई.

“सांगा ना, वयनी,” जगदेवनं डोळ्यांनीच विनवलं.

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर कर वाचला असता. पण भाडेकरूच नाही म्हटल्यावर ती मालकीण तरी कशाची?

“भाऊ नाही तो, भाडेकरू हाय,” पदर खोचत ती म्हणाली. “भाऊबीजीले लुगडं आनत नाही, महिन्याले भाडं देते. अर्धं माहं, अर्धं भाऊजीचं.”

जगदेवच्या हातातली फीत सुटली आणि सरसर कारकुनाच्या पायाशी गेली.

“काहून असं केलं, वयनी? कर वाढला ना आता!”

“वाढू द्या. माह्या हिश्शाचा मी भरीन.”

कारकुनानं वही मांडीवर घेतली, टाक बुडवला आणि लिहिलं. तुळसाबाईला वाचता येत नव्हतं, पण लिहिणं इतक्या लवकर आटोपलं याचाच तिला संशय आला.

“काय लिवलं? वाचा.”

“जगदेव वल्द सखाराम व इतर.”

“इतर कोन?”

“तुम्हीच की. रकाना लहान आहे, बाई. एकच नाव मावतं.”

ती खाली बसली आणि सकाळीच निवडलेली वांगी पुन्हा निवडू लागली. तिला फार वाईट वाटलं होतं. विटा वाहताना मान मोडली, तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं.

जगदेव थोडा वेळ तिच्या हातांकडे पाहत राहिला. मग खाकरला.

“साहेब, खोडा ते.”

“का? काय चुकलं?”

“चंपतदादा थोरला होता. त्याच्या जागी वयनी हाय. थोरल्याच्या वर लहान्याचं नाव कसं लिवता? तुळसाबाई चंपत लिवा.” त्यानं वहीवर बोट टेकवलं. “आन मंग लिवा, व इतर. तो मी.”

कारकुनानं चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

“बिल वरच्या नावावर येतं, बरं का.”

“येऊ द्या!” दीर-भावजय एकदमच म्हणाले.

त्या दिवशी तुळसाबाई बाजारात पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. शेजारी कांदे घेऊन बसणाऱ्या रामीबाईनं गोणपाट सारून तिला जागा करून दिली.

“आज काहून उशीर केला वं? जगदेवच्या घरी पाहुने आले का?”

“कमेटीचा मानूस आला होता,” टोपली उतरवत तुळसाबाई म्हणाली, पलीकडच्या चार जणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “माह्या घराले कर वाढला, बाई!”