एकदम सुरू झालेल्या सहा मोटरी

मी लंकाबाई. अवसरी बुद्रुकच्या शिवारात आमची विहीर हाय, एकोणीस पायऱ्यांची. वस्तीवरची सात घरं तिचंच पाणी पितात. माझं तोंड तिखट हाय, सगळ्यांना ठाऊक, पण हंडा घेऊन आलेल्या बाईला मी कधी माघारी लावलं न्हाई.

दोन हजार तीनचा उन्हाळा. मागल्या साली पाऊस नावालाच पडलेला. होळीला पाणी चौदाव्या पायरीवर व्हतं, पाडव्याला अठराव्या. खाली एकच पायरी उरली आन् मिरगाला अजून दोन महिने. हंडे कुठून भरायचे, याच काळजीनं मला घास गिळवत नव्हता.

सगळा घोळ त्या ऑटोचा. लाईट कधी येईल भरवसा नाय, म्हणून जो तो स्टार्टरला ऑटो जोडून मोकळा. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू. माणूस मंचरच्या बाजारात असो न्हाईतर घरी जेवत असो, पाणी चाललंय. कांद्याला जायच्या आधीच पाट फुटायचा, पाणी ओढ्याला लागायचं. कांदे कोमेजलेले आन् ओढ्यातल्या बाभळी हिरव्यागार! बघून जीव तळतळायचा.

मालकांशी भांडून मी आमचा ऑटो काढला आन् हुलग्याच्या डब्यात टाकला. मग वरच्या मळ्यात गेणभाऊकडं गेले.

"वहिनी, पटतंय मला," गेणभाऊ म्हणाला. "पण विहिरी वेगळ्या असल्या तरी झरा सगळ्यांचा एकच. मी बंद ठेवली तर खालचा भिका वढणार. त्याला सांगा आधी."

भिकाकडं गेले, तर तो म्हणतो, आधी गेणभाऊला सांगा. घ्या! दोघांच्या बांधावर चपला झिजवल्या मी.

आन् एक दिवस डीपीच जळाली, लाईटीचा ट्रान्सफॉर्मर. एका डीपीवर सहा मोटरी, लाईट आली की सगळ्या एकदम उठायच्या, ती तरी किती सोसणार? आठ दिवस शिवारात एक मोटर चालली न्हाई. सहाव्या दिवशी शेजारची सोनीबाई विहिरीतून वरडली, "लंकाबाई, अगं पळ, पायरी बुडाली!" मला वाटलं बाई घसरली. जाऊन बघते तर खरंच, सतरावी पायरी पाण्याखाली. आठव्या दिवशी पाणी पंधराव्या पायरीला टेकलं.

सहाही मोटरवाल्या घरची माणसं बघायला आली. गेणभाऊ पायरीवर बसला, पाण्यात पाय सोडून. "आपणच पीत व्हतो की राव हिला," म्हणाला. मी तेवढ्यात देव्हाऱ्यातला भंडारा आणला, बेलाची पानं आणली. खंडोबाचं नाव घेऊन सहाही जणांनी बेलभंडार उचलला, शपथ घेतली. ऑटो काढायचा, मोटर हातानं सुरू करायची, दोन तास भरणं करायचं आन् हातानंच बंद. आमच्या मालकांनी बी उचलला. मी सगळ्यांना चहा पाजला, साखर जरा जास्तच पडली. लई दिवसांनी त्या दिवशी मी पोटभर जेवले.

सोमवारी नवी डीपी आली. माणसांनी नारळ फोडला. दुपारी लाईट आली तवा मी पडवीत हुलगे निवडत व्हते.

सहा माणसांनी हातानं मोटरी लावल्या तर आवाज कसा येतो? एक इथं, मग जरा वेळानं दुसरी तिकडं. त्या दुपारी सहाच्या सहा एका दमात घुरल्या. मी कान देऊन मोजल्या. सहावी आमची व्हती.

मी डब्यात हात घातला. ऑटो न्हाई.

पळत मळ्यात गेले, तर मालक कांद्यात पाण्याची दारं धरून उभे. मान वर करीनात.

"अवो, भंडार उचललाय तुमी!"

"सगळ्यांनीच उचललाय. काल गेणभाऊच्या स्टार्टरच्या पेटीत ऑटो बघितला मी. त्यानं म्हणं भिकाचा बघितला. मग आपलाच कांदा का जाळू? तू सांग."



जाऊन ऑटोची वायर वढून काढली, लाल बटण दाबलं आन् विहिरीच्या पायरीवर येऊन बसले. आमची मोटर बंद, तरी पाणी उतरत व्हतं. तासाभरात सोळावी पायरी उघडी पडली. ओली, काळी. पाच मोटरींचा आवाज येत व्हता, आन् मी नुसती बघत बसलेली. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू?

सोनीबाई हंडा घेऊन आली. "तुझी मोटर तर बंद हाय की गं. मग पाणी कुठं चाललंय?"

मी वरच्या मळ्याकडं हात केला. हंड्याचा दोर आत सोडता सोडता ती थांबली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली, जसं काय मीच कायतरी करणार व्हते.

मी उठले. पेटीपाशी गेले आन् माझ्याच हातानं हिरवं बटण दाबलं.

वाटलं, आता सोनीबाई मला बोलंल. बोलावंच तिनं. पण तिनं आत सोडलेला दोर वर वढून घेतला आन् रिकामा हंडा आमच्या पाइपाखाली धरला.