धाकटा डब्ल्यू, थोरला डब्ल्यू

आपल्या लिपीत क म्हणजे क. त्याला ना धाकटा भाऊ, ना थोरला. म्हणून ऑफिसात पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा आम्हाला सगळ्यात जड गेलं ते इंग्रजी अक्षरांचं लहान-मोठं असणं.

आमचा कारखाना दवाखान्यांसाठी यंत्रं बनवायचा, वाफेने अवजारं निर्जंतुक करणारी. त्यांच्या माहितीपुस्तिका मी चोवीस वर्षं लिहिल्या. मजकूर साधा टाइप करायचा, मग काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा द्यायची, की मांडणीचा प्रोग्राम त्याची पानं पाडून द्यायचा. आज्ञेच्या शेवटी एक आडवी रेघ, रेघेपुढे एक अक्षर. त्या अक्षरावर सगळं पान फिरायचं. लहान डब्ल्यू दिला की रुंद तक्ते न तुटता पानभर बसायचे. मोठा दिला की इशाऱ्यांच्या काळ्या चौकटी गळून जायच्या. ती सोय कच्च्या प्रतीपुरती, शाई वाचावी म्हणून.

माझ्या शेजारी जी बसायची तिच्या नजरेतून टिंबसुद्धा सुटत नसे, म्हणून तिला आम्ही ‘दुर्बीण’ म्हणायचो. या दोघांचं बारसं तिनेच केलं: धाकटा डब्ल्यू आणि थोरला डब्ल्यू. “धाकटा कामाचा,” ती म्हणायची. “थोरला घरात शिरला की सगळ्यांची तोंडं बंद!” आणि आम्ही पदर तोंडाला लावून हसायचो.

निवृत्त होताना मी रोजची आज्ञा निळ्या शाईने एका पुठ्ठ्यावर लिहिली आणि कॉम्प्युटरच्या वर खिळ्याला टांगली. माझ्या अक्षराचं सगळ्यांना कौतुक होतं. मलाही होतं.

अकरा वर्षं झाली. आता त्याच खुर्चीत माझी भाची बसते.

गेल्या रविवारी ती घरी आली तेव्हा उदास होती. एका दवाखान्यात आमचं यंत्र चालवणाऱ्या बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. आतली वाफ पुरती जायच्या आत तिने दार उघडलं. गुरुवारी दवाखान्यात तिची चौकशी होती. हलगर्जीपणा ठरला तर नोकरी जाणार, उपचारांचा खर्चही मिळणार नाही.

“ती म्हणते, पुस्तिकेत असं काही नव्हतंच,” भाची म्हणाली.

“खोटं बोलते,” मी ताडकन म्हटलं. “तो इशारा मी स्वतः लिहिलाय. दाबाचा काटा शून्यावर टेकल्याशिवाय दार उघडू नये. वाचायला काय झालं होतं तिला?”

“साहेबही तेच म्हणाले. त्यांनी कॉम्प्युटरवरची फाइल उघडून बघितली. आहे इशारा.”

“मग झालं तर,” असं म्हणून मी चहा ओतला.

बुधवारी सकाळी तिचा फोन आला. “मावशी, साहेबांना पुस्तिकेच्या चारशे नव्या प्रती हव्यात, आणि हे तक्ते मेले परत मधोमध तुटतायत. दरवेळी हाताने जुळवत बसायचं. तुमच्या वेळीही तुटायचे का?”

“छे! धाकटा देतेस ना?”

“धाकटा कोण?”

मी हसले. “अगं, डब्ल्यू. लहान डब्ल्यू.”

“लहान? पुठ्ठ्यावर तर मोठा आहे. मी तोच देते. माझ्या आधीचेही तोच द्यायचे.”

माझ्या हातातली किसणी खाली पडली.

“मावशी? ऐकताय ना?”

“छापलेली पुस्तिका घे,” मी म्हटलं. “फाइल नको, छापलेली. दार उघडण्याचं पान काढ. काळी चौकट आहे?”

पानं उलटल्याचा आवाज आला.

“नाही,” ती म्हणाली. “मावशी, एकाही पानावर नाही.”

मी होते तशीच चपला सरकवून निघाले. बसमध्ये कंडक्टरने दोनदा विचारलं तरी कुठे उतरायचं ते मला सांगता येईना. डोळ्यांपुढे ते हात होते, आणि कानात माझंच वाक्य: वाचायला काय झालं होतं तिला?

पुठ्ठा अजून त्याच खिळ्याला होता. मी जवळ गेले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. सुरेख, ऐटीत उभा असलेला डब्ल्यू. लहान की मोठा, माझं मलाच सांगता येईना. त्याचा आकार लहान-मोठ्या दोन्हींत एकच. फरक फक्त उंचीचा. आणि मी, पुठ्ठ्यावर शोभून दिसावं म्हणून, तो चांगला उंच काढला होता.

साहेब आले. माझ्यादेखत ते कारकून म्हणून लागले होते. सगळं ऐकून त्यांनी दार लोटून घेतलं.

“बाई, इशारा फाइलमध्ये आहे. तेवढं खरंच आहे ना? चौकशीला तेवढं पुरेसं आहे. तुम्ही घरी जा, आराम करा. पुठ्ठा काढून टाकू.”

“फाइल तिने कुठे बघितली?” मी म्हटलं. “तिच्या हातात पुस्तिका होती.”

“अकरा वर्षांच्या पुस्तिका आहेत, बाई. कळतंय का, काय उघडताय ते?”

“कळतंय. खुर्ची द्या.”

भाचीने खुर्ची पुढे केली आणि साहेबांकडे न बघता कॉम्प्युटरपाशी बसली. “मावशी, निवेदन सांगा. मी टाइप करते.”

“मी लिहिते की,” सवयीने माझा हात पेनाकडे गेला. तिने पेन हळूच बाजूला सरकवलं.

“तुमच्या हाताने नको.”

वाईट वाटलं, पण बरोबर होतं ते. आधी मी तिला ते पान काढायला सांगितलं. तिने आज्ञा लिहिली, आणि मी तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं, “कुठला?”

“धाकटा.”

प्रिंटरमधून कागद सरकत आला. तक्ता अखंड, आणि त्याखाली बोटभर जाड कडांची काळी चौकट. मी ते पान मांडीवर धरलं. अजून गरम होतं.

“हं, सांगा,” भाची म्हणाली. “सुरुवात काय करू?”

साहेब दारापाशीच उभे होते.

“लिही,” मी म्हटलं. “ती बाई खरं बोलते.”