येऊ दे तिला वर

“अगं बाई, ही तर लाली लावून समुद्रात उतरतेय!” बोकनाम ओरडली आणि सभागृहात हशा पिकला.

पडद्यावरची नायिका खडकावर उभी होती. ओठ लालभडक, केस वाऱ्यावर सोडलेले. सोलच्या सिनेमावाल्यांनी गेल्या वर्षी कोरियातल्या जेजू बेटावरच्या याच गावात मुक्काम ठोकला होता. जाताना शब्द दिला होता, म्हणून सिनेमा आधी गावाला दाखवायला पाठवला. आज वारा पिसाटला होता, पाण्यात उतरायची सोय नव्हती. तेव्हा भरदुपारी खिडक्यांना गोधड्या लावून गावातल्या सगळ्या पाणबुड्या बायका जमिनीवर दाटीवाटीने बसल्या होत्या.

“केस असे मोकळे सोडून बुडी मारली तर हिला खाली दिसणार काय?”

“तिला नाही गं दिसायला पाहिजे. ती आपल्याला दिसायला पाहिजे!”

पुन्हा खसखस पिकली. गावप्रमुख ह्यॉन सिनेमाच्या यंत्राशेजारून म्हणाले, “अहो, जरा ऐकू द्या की!” पण त्यांना कोण विचारतो?

मालसुन तेवढी हसत नव्हती. हे हसणं कोणासाठी चाललंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळी चुनसिमच्या अंगणात बायकांची कुजबुज चालली होती आणि ती दिसताच सगळ्यांची दातखीळ बसली होती. मग चुनसिम उगाच कोरड्या आवाजात म्हणाली होती, “तू काही येऊ नकोस हं. भिकार आहे म्हणे. सगळं खोटं.” अर्धा जन्म एका पाण्यात काढलेल्या बायका ह्या. त्यांच्या पोटात काय शिजतंय ते मालसुनला पाठमोऱ्याही कळायचं. ती आलीच, तेव्हा चुनसिम तिला चिकटून बसली आणि बाकीच्यांनी पहिल्या दृश्यापासून टवाळी सुरू केली. सिनेमाची इतकी खिल्ली उडवायची, की पुढचं जे यायचं ते मालसुनला खरं वाटताच कामा नये.

कारण पुढचं जे यायचं होतं ते गावातलंच होतं. सिनेमा लिहिणारा माणूस इथे राहून गेला होता आणि कुणीतरी त्याला जोंगइमची गोष्ट सांगितली होती. जोंगइम म्हणजे मालसुनची एकुलती एक लेक. खडकाला चिकटलेलं मोठं शिंपलं लोखंडी पट्टीने उचकटायचं, पट्टीची दोरी मनगटाला बांधलेली. एखादं शिंपलं असं चेंगरून धरतं की पट्टी सुटत नाही. मग दोरी सोडवायला उरलेला श्वास काय तो हाताशी. जोंगइमला तो पुरला नाही. तिला वर आणली ती चुनसिमने.

पाणबुडी वर आली की छातीत कोंडलेला श्वास शीळ घालत बाहेर पडतो. प्रत्येकीची शीळ वेगळी, आया लेकींच्या शिळा ओळखतात. त्या दिवशी मालसुन दम खाताना आधाराला वापरायच्या तरंगत्या वाळक्या भोपळ्याला धरून कान लावून होती. चुनसिमची आली, बोकनामची आली, साऱ्यांच्या आल्या. एक तेवढी आली नाही.

लेकरू झालं की बाईला लेकराच्या नावाने हाक मारायची, ही तिथली रीत. मालसुनला एकोणीस वर्षं सगळे ‘जोंगइमची आई’ म्हणत. त्या दिवसापासून ती हाक कुणी मारली नाही. तिचं माहेरचं नाव तिला परत मिळालं. तिला ते नको होतं, पण असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या?

आज ती आली होती, कारण ह्यॉनना पोटात काही ठेवता येत नाही. परवा दुकानात ते बोलून गेले होते, “मुलगी शेवटी वर येते हो, शेवट गोड आहे.” मालसुनने ते कुणालाही सांगितलं नाही. तिला एकदाच बघायचं होतं. वर आलेली.

पडद्यावर पाणी हिरवं झालं. नायिकेने खडकाच्या फटीत पट्टी घातली. पट्टी अडकली. चुनसिमचा हात मालसुनच्या मनगटावर घट्ट बसला.

“खोटं! खोटं!” बोकनाम जिवाच्या आकांताने ओरडली. “शिंपलं बघा केवढं, परात आहे नुसती!”

“एवढ्या वेळात माझा भात शिजून झाला असता!”

“आणि खाली गाणं कोण म्हणतंय गं? मासे?”

नायिकेला बुडता बुडता प्रियकर आठवायला लागला. नदीकाठ, सायकल, चेरीचा फुलोरा. बायकांचं हसू आता फाटल्यासारखं झालं होतं. पुन्हा पाणी आलं आणि ओढल्या जाणाऱ्या मनगटावर दोरी दिसली.

“प्रमुखसाहेब, बंद करा ते!” चुनसिमचा आवाज चिरकला. “डोळे दुखायला लागले आमचे.”

“कुणी हात लावू नका,” मालसुन म्हणाली.

“अगं, पण खोटं आहे ते. एवढा वेळ कुणी राहतं का खाली? तुला काय सांगायला पाहिजे?”

“माहीत आहे मला. गप्प बसा गं सगळ्या. येऊ दे तिला वर.”

नायिका दोरीशी झगडत होती. कुणीही जगणार नाही इतका वेळ ती तिथे होती आणि ते त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला कळत होतं. तरी एकीनेही तोंड उघडलं नाही. मालसुनच्या मनगटावरचा चुनसिमचा हात दगडासारखा झाला होता.

दोरी तुटली. हिरवं पाणी निळं झालं, निळ्याचं पांढरं झालं आणि नायिकेचं डोकं वर आलं. लाली जशीच्या तशी. तिने नाजूकपणे “आह” केलं, दुपारची झोप झाल्यावर करतात तसं. शीळ नाहीच. सिनेमावाल्यांना ती सुचलीच नव्हती.

पण त्याच क्षणी सभागृहभर शिळा उठल्या. बोकनामची, चुनसिमची, मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांची. कधी श्वास धरला ते कुणालाच कळलं नव्हतं. अंगाची सवय, दुसरं काय? बारीक, लांबलचक शिळा एकीत एक मिसळत गेल्या. मालसुनने डोळे मिटून घेतले. एरवी ती शिळा मोजायची. आज तिने कुठली कुणाची ते ओळखायचा प्रयत्न केला नाही.

मग ती उठली आणि चपला शोधून बाहेर पडली. सिनेमा पुढे चालूच राहिला. नायिकेचं लग्न व्हायचं होतं.

दिवस कलताना चुनसिम उकडलेली रताळी घेऊन आली. मालसुनच्या घरामागून धूर येत होता. जोंगइमच्या खोलीची जमीन खालून तापवणारी चूल पेटली होती. ती खोली शेवटची कधी तापवली होती, ते दोघींनाही आठवलं नसतं. दार उघडं होतं. आत मालसुन जमिनीवर रजई पसरून तिचे कोपरे सारखे करत होती.

“काय चाललंय?” चुनसिमने दारातूनच विचारलं.

“एवढा वेळ पाण्यात होती,” मालसुन म्हणाली. “गारठली असेल.”

चुनसिम नुसती बघत राहिली.

“अशी बघू नकोस. वेड नाही लागलं मला. सिनेमा होता तो, कळतं मला. अगदी खोटा होता.” मालसुनने रजईचा कोपरा पुन्हा सारखा केला. “पण वर आली ना गं? एकदा तरी आली.”

चुनसिमने चपला काढल्या. रताळी बाजूला ठेवून ती रजईशी बसली, रजईखाली हात घालून तिने जमीन चाचपली आणि बराच वेळ हात तिथेच ठेवले.

“अजून नीट तापली नाही,” ती म्हणाली. “आणखी दोन लाकडं घाल, जोंगइमची आई.”

मालसुन डोळे पुसत उठली आणि लाकडं आणायला मागच्या दारी गेली.