आठवी खुर्ची

"नफीसा, तुझ्या बयूमीला आण बरं पटकन," क्लबचे अध्यक्ष डॉक्टर लबीब म्हणाले. "फलकावर 'आठ अपंगांना खुर्च्या' असं छापलंय आणि घेणारी माणसं आलीत सात. दमनहूर गावचा म्हातारा आज येत नाहीये."

नफीसाने हातातला चहाचा ट्रे तिथेच खाली ठेवला. अलेक्झांड्रियातल्या या सेवा क्लबात ती बावीस वर्षं चहा करत होती. नवऱ्याचे, बयूमीचे, पाय गेल्यापासून चाकांच्या खुर्चीसाठी तिने तीनदा अर्ज दिला होता. तिन्ही वेळा एकच उत्तर: क्लबच्या माणसांनी क्लबचा लाभ घ्यायचा नाही, ते तत्त्वात बसत नाही. तिला ते पटलंही होतं, हेच वाईट. दर मंगळवारी घंटा वाजली की सभासद उभे राहून शपथ म्हणत, 'आधी दुसऱ्याचं, मग आपलं.' दाराशी नफीसाही उभी राही, आणि डॉक्टर अडखळले की पुढचा शब्द पुरवी. कागद न बघता म्हणणारी ती एकटीच होती.

शेजाऱ्यांनी बयूमीला उचलून आणलं. अंगात ईदचा झगा. खुर्चीत बसल्याबरोबर तो चाकं फिरवत थेट खिडकीपर्यंत गेला. चार वर्षांत पहिल्यांदा तो कुठेतरी स्वतः गेला होता.

"अगं, हिला ब्रेकसुद्धा आहे," तो म्हणाला. "उद्यापासून कहव्याच्या दुकानात माझा मी जाईन. तुझी कटकट संपली."

फोटो झाले, टाळ्या झाल्या. पाहुणे पांगले, शेजारीही कामाला गेले. मग डॉक्टर तिच्याजवळ आले.

"उतरव आता त्याला. खुर्ची दमनहूरच्या माणसाची आहे. त्याचा हक्क कसा मारायचा? नियम तर तुला तोंडपाठ आहेत."

"मग बयूमीला हे आधी सांगायचं होतंत, डॉक्टरसाहेब."

"मला वाटलं, तुला कळलं असेल."

बयूमीने ऐकलं होतं. त्याने वाकून स्वतःच ब्रेक लावला. "धर मला," एवढंच म्हणाला. नफीसाने त्याच्या काखेत हात घालून त्याला उचललं आणि दाराजवळच्या आपल्या स्टुलावर ठेवलं. तो तिच्याकडे बघेना. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

पुढच्या मंगळवारी घंटा वाजली. सगळे उभे राहिले. दुसऱ्या ओळीवर डॉक्टर अडखळले आणि सवयीने त्यांनी दाराकडे पाहिलं.

नफीसा स्टुलावर बसून होती. तिने तोंड उघडलं नाही.