एकशे अठरा किलो

हॉस्पिटलच्या सुरक्षा अधिकाऱ्याला सगळे घंटी म्हणत. तोंडावर घंटीसाहेब. आठ वर्षांत त्याने इतक्यांदा अलार्म वाजवून लोकांना जिन्याने खाली उतरवलं होतं, की खरी आग लागली तर निम्मे जण "चहा संपवून येतो" म्हणतील याची त्याला खात्री होती. काळजी करण्याचा त्याला पगार मिळायचा आणि ओव्हरटाइम तो फुकट करायचा.

सोमवारी त्याच्या मामांना ऑपरेशननंतर चौथ्या मजल्यावर आणलं. खुबा मोडला होता, तो बसवला. घंटीचे वडील लवकर गेले, तेव्हापासून याच मामांनी त्याला वाढवलं होतं. तो भेटायला गेला तेव्हा मामा असे पसरले होते, की खाली पलंग आहे हे गृहीतच धरावं लागत होतं.

"ये भाच्या! तुमच्याकडे वजन दोनदा करतात आणि जेवण एकदा देतात."

"किती भरलं?"

"तुला काय करायचंय? स्थळ बघतोयस का मला?"

"एकशे अठरा," मामी खुर्चीतून म्हणाल्या. "काट्याचा विश्वास बसेना, म्हणून दोनदा."

घंटी हसला आणि ते हसू अर्ध्यावरच थिजलं.

आग लागली की लिफ्ट बंद. चालता न येणाऱ्या पेशंटला चौथ्या मजल्यावरून खाली आणायला एक खास खुर्ची होती. तिच्या मागे पट्टे होते, त्यांवर ती पायऱ्यांवरून घसरत यायची. पेशंट सहा मिनिटांत खाली पोचला पाहिजे, असा नियम. घंटीच्या रजिस्टरमध्ये दर ड्रिलला तीन मिनिटं चाळीस सेकंद लिहिलेले होते. खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त दर ड्रिलला पेशंट म्हणून रेकॉर्ड विभागातल्या चिमणीताई बसायच्या. वजन एक्केचाळीस, चष्म्यासकट. चौथ्यावरून तळाला येईपर्यंत त्या शब्दकोड्याची एक बाजू संपवायच्या.

आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये, जिना वळतो तिथे, संस्थापकांचा संगमरवरी अर्धपुतळा होता. तिथे खुर्ची वळत नसे. मग चार वॉर्डबॉय चिमणीताईंना खुर्चीसकट उचलून संस्थापकांच्या डोक्यावरून पलीकडे द्यायचे. एकदा त्यांची चप्पल संस्थापकांच्या नाकाला लागली, तेव्हा त्या "सॉरी सर" म्हणाल्या होत्या. ही पद्धत कुणी ठरवली नव्हती. पहिल्यांदा जमली, मग तीच रीत पडली. अकरा ड्रिल, अकरा सह्या. सगळ्या घंटीच्या.

तो जिन्यात गेला, खिशातून टेप काढला. खुर्ची वळायला साडेतीन फूट लागत होते. पुतळा आणि भिंत यांच्यामध्ये दोन फूट दहा इंच होते. त्याने परत मोजलं. संस्थापक तसूभरही सरकले नव्हते.

प्रशासक हे संस्थापकांचे सख्खे नातू.

"सर, पुतळा हलवायला हवा."

"परवा तपासणी आहे आणि तुम्ही आजोबांना हलवताय?"

"फक्त तळमजल्यावर, सर."

"अकरा वेळा पास झालोय आपण!"

"आपण नाही सर, चिमणीताई झाल्यात."

प्रशासकांनी पेन टेबलावर ठेवलं. "बुधवारी त्याच बसतील. नाहीतर गुरुवारपासून दुसरीकडे घंटा वाजवा."

मंगळवारी घंटी वॉर्डच्या सिस्टरना गाठायला गेला. मामांना तेवढं खाली न्यायचं, बाकी पुढचं पुढे, एवढाच त्याचा विचार होता. आपल्याला याची लाज वाटतेय की नाही, हे तपासायला त्याच्याकडे वेळ नव्हता.

"होईल की," सिस्टर म्हणाल्या. "खाली एक बेड आहे. त्यांच्या जागी सहा नंबरचे काका खिडकीशी येतील. केव्हाचे मागे लागलेत."

"काकांचं वजन?"

"एकशे नऊ. का हो?"

"आणि बाकीचे?"

सिस्टरनी तक्ते काढले. चालता न येणारे दहा जण होते. चौऱ्याऐंशी, एक्याण्णव, शहात्तर, एकशे दोन. घंटीला वाटलं, आपण लिलावाला आलोय. चिमणीताईंच्या वजनाच्या आसपासचं एकही माणूस त्या मजल्यावर आजारी पडलेलं नव्हतं.

"मग मामांना हलवू का?" सिस्टरनी विचारलं.

"नको. राहू द्या," तो म्हणाला.

बुधवारी अकराला तपासनीस बाई आल्या. गळ्यात स्टॉपवॉच, तोंडात शब्द मोजके. चिमणीताई पेन्सिलीला टोक काढून तयार होत्या.

"ताई, आज तुम्ही बसू नका," घंटी म्हणाला.

"का? वाढलंय का माझं?"

प्रशासकांनी त्याच्याकडे पाहिलं. घंटीने नजर खाली घातली आणि वॉर्डबॉयना खूण केली. सकाळपासून त्यांच्याकडून त्याने दोन गाठोडी बांधून घेतली होती, सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या दोनशे छत्तीस बाटल्यांची. एकूण एकशे अठरा किलो. मोठं गाठोडं खुर्चीच्या पाठीशी, धाकटं पायांशी. मामींनी वर मामांची कानटोपी बसवली होती. "नाहीतर आमचं माणूस ओळखू कसं यायचं?"

"हे काय चाललंय?" प्रशासक पुटपुटले.

"पेशंट आहे, सर."

अलार्म वाजला. खुर्ची सात पायऱ्या झोकात उतरली आणि संस्थापकांपाशी येऊन थांबली. चौघांनी सवयीने हात घातले. एक, दोन, तीन. खुर्ची जागची हलली नाही. चौघे मात्र लालबुंद झाले.

"वळवून बघ रे!"

"कुठे वळवू? यांच्या तोंडात?"

वळवताना खुर्चीचा दांडा संस्थापकांचा कान आणि भिंत यांच्यामध्ये असा रुतला, की आता मागेही जाईना. दोन मिनिटं झाली. तीन. घंटीला डोळ्यांपुढे वर पलंगावरचे मामा दिसत होते, आणि त्यांच्यामागे खिडकीशी जायच्या आशेवर असलेले काका. चौथ्या मिनिटाला कानटोपी निसटली आणि अलगद संस्थापकांच्या डोक्यावर बसली. कुणी हसलं नाही. एक वॉर्डबॉय पायरीवर बसला आणि "माझी कंबर गेली" एवढंच म्हणाला.

"सहा," बाई म्हणाल्या.

अलार्म चालूच होता. तो बंद करायचं काम घंटीचं होतं, ते त्याला आत्ता आठवलं. बंद केल्यावर इतकी शांतता झाली, की चिमणीताईंची पेन्सिल ऐकू आली.

"मागच्या ड्रिलला तीन चाळीस लिहिलेत," बाईंनी रजिस्टर चाळलं. "आज काय झालं?"

प्रशासकांचा चेहरा संस्थापकांसारखाच दिसत होता, फक्त त्याला टोपी नव्हती.

"आज पेशंट बसला, मॅडम," घंटी म्हणाला. "आधीच्या अकरा वेळी सगळ्यांत हलकं माणूस बसवलं आणि पुतळ्यावरून उचलून नेलं. सह्या माझ्या आहेत."

बाईंनी उभ्या उभ्याच लिहिलं. पुतळा हलेपर्यंत चालता न येणारा एकही पेशंट चौथ्या मजल्यावर ठेवायचा नाही. संध्याकाळपर्यंत दहाही जण लिफ्टने तळमजल्यावर आले. सहा नंबरच्या काकांना तिथेही खिडकी मिळाली नाही. घंटीच्या हातात कारणे दाखवा नोटीस आली, मुदत तीन दिवस. पुतळा उतरवायला आठ माणसं आणि बेचाळीस मिनिटं लागली. सवयीने त्याने वेळ लावली होती.

तळमजल्यावर दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून संस्थापकांना तिथल्या वॉर्डच्या दारासमोर ठेवलं. थेट मामांच्या पलंगाकडे तोंड करून.

"भाच्या, माझी टोपी घालून बसलेला हा कोण?"

"तोच आडवा येत होता, मामा."

"तुझी नोकरी राहील ना रे?"

"तीन दिवसांत कळेल."

"गेली तर माझ्याकडे ये. पूर्वी ठेवलाच होता की. तेव्हा तू एकवीस किलोंचा होतास, एवढंच." मग कूस बदलता येत नाही हे विसरून मामांनी ती बदलायचा प्रयत्न केला आणि मामींकडून बोलणी खाल्ली.

घंटी उत्तर देणार होता. पण त्याची नजर दारावर गेली होती, तिथून पुतळ्यावर, मग परत दारावर. दार बाहेरच्या बाजूला उघडत होतं. त्याचा हात खिशातल्या टेपकडे गेला.

"आता काय?" मामींनी विचारलं.

"काही नाही मामी. जरा ते दार ढकला बघू. पूर्ण."