डाव्या हाताची नाडी

चुनीलाल वैद्यांनी बायकांच्या रीतीप्रमाणे डावा हात मागितला आणि रंजनाने डोळे मिटून घेतले. तापीकाठच्या प्रकाशा गावात, घाटावरून पाणी आणताना तिला दोनदा भोवळ आली, म्हणून सासूने, जसोदाबाईंनी, त्यांना बोलावलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मुंबईच्या ऑपरेशनचं सासरी बोलायचं नाही, असं माहेरी ठरलेलं.

वैद्य बोटं सरकवत राहिले. कपाळावर घाम आला.

"जसोदाबाई, नाडीच लागत नही."

"मंग ती श्वास कशी लेई ऱ्हायनी? तुम्हना बोटं म्हातारा व्हई ग्यात!"

रंजनाला हसू आलं, आणि सगळं आठवलं. शाळेच्या वाटेवर जरा चाललं की ती उकिडवी बसायची. तसं बसलं की दम परत यायचा. पोरं बेडकी म्हणायची, तीही त्यांना 'डरांव' करायची. ओठ नि नखं बारमाही जांभळी. मग आठव्या वर्षी नंदुरबारहून सुरतेची गाडी, पुढे मुंबई. जन्मतःच हृदयात दोष, फुफ्फुसांत रक्त कमी जायचं; म्हणून डॉक्टरांनी डाव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुफ्फुसाच्या वाहिनीला जोडली, आणि त्या मनगटाची नाडी कायमची गेली. ती शुद्धीवर आली तेव्हा आई ओल्या पदराने तिची नखं पुसत होती. "हिले मेंदी कोनी लाई?" आईने तिची गुलाबी नखं कधी पाहिलीच नव्हती!

त्या हिवाळ्यात ती तापीच्या वाळूत पहिल्यांदा धावली. वडील "हळू, हळू" ओरडत मागे धावले आणि स्वतःच हसत सुटले. "पोर वाढेल, जोड वाढणार नाही; पुन्हा दम लागला की या," असं डॉक्टर म्हणाले होते. पण तिला धावताना पाहिल्यावर ते लक्षात ठेवायला घरात कुणीच तयार नव्हतं.

"वैद्यबा, उजवा हात देखा," ती म्हणाली.

उजव्या मनगटावर बोटाला नाडी लागताच वैद्यांचा जीव भांड्यात पडला. मग तिने सगळं सांगून टाकलं. आता आपली रवानगी माहेरी, याची तिला खात्री होती.

"हाई माले कोनी सांगं नही," जसोदाबाई म्हणाल्या. "आनि मी तुन्हा डोकावर हंडा दी ऱ्हायनू!"

"आत्याबाई, मन्ही माय..."

"तुन्ही मायना समाचार मी मंग लिसू." त्यांनी मुलाला बोलवायला शेतावर निरोप धाडला. "पहिले मुंबई."